‘त’चा ‘थ’ आणि मुलींच्या नावांचे अर्थ

भाचीला मुलगी झाली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावांच्या याद्या पडू लागल्या. डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. कुणी इंटरनेटवरून उचललेली, कुणी ज्योतिषाकडून आणलेली, एक तर चक्क एक्सेलमध्ये. मी डावी बाजू सोडून उजवी वाचत बसलो. मुलींच्या यादीत पवित्र, शुद्ध, निर्मळ, कोमल, शीतल, पवित्र, समर्पित, पुन्हा पवित्र. तेवढ्यात कुणीतरी चुकून मुलांची यादी टाकली. तिथे विजेता, तेजस्वी, राजा, अजिंक्य, सूर्य. पवित्र तिथेही होतं, पण तळाला कुठेतरी, विजेत्यांची गर्दी ओसरल्यावर.

मुलीचं नाव निवडताना ‘अर्थ काय?’ हा पहिला प्रश्न असावा का, यावर मला बोलायचं आहे. माझं उत्तर ‘नसावा’ असं आहे. उदाहरण मात्र आपल्या यादीतलं घेत नाही. आपल्या नावांवर बोललं की वाद लगेच संस्कृतीच्या नाक्यावर जाऊन अडतो. म्हणून ग्रीकमधून आलेलं, जगभर पसरलेलं आणि गोव्याच्या व मुंबईच्या इतिहासात घुसलेलं एक नाव घेतो: कॅथरिन.

नावांचं कुठलंही संकेतस्थळ उघडा. कॅथरिन म्हणजे शुद्ध, मूळ ग्रीक शब्द ‘काथारोस’, विषय संपला. आपल्याकडे साहित्याच्या वर्गात ॲरिस्टॉटल शिकवताना जो ‘कॅथार्सिस’, म्हणजे भावनांचा निचरा, येतो, तोही याच शब्दाच्या कुळातला. मराठीत त्याला विरेचन म्हणतात. (विरेचन म्हणजे वैद्यबुवांच्या भाषेत जुलाब, हे मास्तर सहसा सांगत नाहीत.) इतकं नीटनेटकं उत्तर मिळाल्यावर पुढे कोण खणतो?

पण खणलं तर पहिल्याच फटक्याला दगड लागतो. ग्रीकमध्ये हे नाव ‘ऐकातेरिने’ असं लिहीत. त्यात ‘त’ आहे. ‘काथारोस’मध्ये ‘थ’ आहे. ही दोन वेगळी अक्षरं आहेत, जशी आपली त आणि थ. ‘तर’ आणि ‘थर’ यांत जेवढं नातं, तेवढंच इथे. ग्रीक माणूस आजही आपल्या मुलीचं नाव ‘कातेरिना’ लिहितो, त ठेवून. रशियन ‘येकातेरीना’तही त शाबूत आहे. ‘थ’ शिरला तो पश्चिमेकडे, लॅटिनच्या मुलखात. तिथे कुणाला तरी वाटलं, संत कॅथरिन ही एवढी थोर संतकुमारी, तिच्या नावाचा अर्थ शुद्ध असलाच पाहिजे. मग ‘कातेरिना’ची ‘काथारिना’ झाली. आधी अर्थ ठरला आणि मग त्याला बसेल असं स्पेलिंग शिवलं. इंग्रजीतल्या कॅथरिनमधला तो ‘एच’ म्हणजे या शिलाईची गाठ.

मूळ काय होतं मग? विद्वानांचं एकमत नाही. काहींच्या मते ते ‘हेकातेरोस’ या शब्दावरून आलं, म्हणजे ‘दोघांपैकी प्रत्येक’. मुलीच्या नावासाठी इतका रूक्ष अर्थ आपल्या यादीत कुणी घालणार नाही. काही जण ‘ऐकिया’ हा शब्द पुढे करतात, अर्थ छळ, विटंबना. आणि काहींना त्यात हेकाटी ही देवी दिसते. हेकाटी रात्रीची, जादूटोण्याची, तीन वाटा फुटतात तिथली. ग्रीक लोक अमावास्येच्या सुमारास तिच्यासाठी तिठ्यावर जेवण ठेवत. कोकणात तिठ्यावर उतारा ठेवलेला पाहिलेल्या माणसाला ही देवी समजावून सांगावी लागणार नाही. म्हणजे ज्या नावाला आपण शुद्ध म्हणतो, ते कदाचित तिठ्यावरच्या देवतेचंही असेल. मला हा शेवटचा तर्क मनापासून आवडतो. अर्थात आवडणं हा पुरावा नव्हे, आणि नेमकी हीच गोष्ट ‘थ’ घालणाऱ्यांनी लक्षात ठेवली नाही.

आता ती संतकुमारी. आख्यायिका अशी की चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियात कॅथरिन नावाची विदुषी होती. रोमन सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास तत्त्वज्ञ आणले. तिने सगळ्यांना हरवलं आणि ते तिच्या पंथात आले. मग सम्राटाने तिला काटेरी चाकावर चिरडायचं ठरवलं; ते चाकच मोडलं. शेवटी शिरच्छेद, आणि मानेतून रक्ताऐवजी दूध. देवदूतांनी देह सिनाई पर्वतावर नेला. तिथे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेल्या मठाला पुढे तिचंच नाव मिळालं. आपण दिवाळीत भुईचक्र जमिनीवर सोडतो, तसलंच चक्र इंग्रज खांबाला खिळा ठोकून त्यावर फिरवतात आणि त्याला ‘कॅथरिन व्हील’ म्हणतात. छळाच्या यंत्राचं फटाक्यात रूपांतर व्हायला शतकं लागतात, पण होतं.

अडचण एवढीच की ती होऊन गेली याचा समकालीन पुरावा नाही. तिचे उल्लेख मिळतात ते तिच्या कथित मृत्यूनंतर कित्येक शतकांनी. उलट त्याच अलेक्झांड्रियात खरोखर होऊन गेलेली एक विदुषी आपल्याला माहीत आहे: हायपेशिया. गणित आणि तत्त्वज्ञान शिकवायची. इसवी सन ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने तिला ठार मारलं. काही अभ्यासकांना असं वाटतं की कॅथरिनची गोष्ट म्हणजे हायपेशियाची गोष्ट उलटी करून सांगितलेली आहे: विदुषी तीच, शहर तेच, फक्त मारणारे आणि मरणारी यांचे धर्म बदललेले. हे सिद्ध झालेलं नाही. पण दोघींच्या कथा शेजारी ठेवल्या की काहीतरी टोचतं. खऱ्या बाईचं नाव मुलींना क्वचितच ठेवलं गेलं. जिच्या असण्याचा पुरावा नाही तिचं नाव लाखो मुलींना मिळालं, आणि तेही तिने पन्नास पंडितांना हरवलं म्हणून नव्हे, तर ती ‘शुद्ध’ कुमारी होती म्हणून. वादविवादपटू असा अर्थ कुठल्याच यादीत सापडत नाही. फ्रान्समध्ये तर तिच्या सणाला, २५ नोव्हेंबरला, पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुलींना हिरव्या-पिवळ्या टोप्या घालायची प्रथा पडली. त्या मुलींना म्हणायचं ‘कातरिनेत’. आपल्याकडे त्यासाठी ‘घोडनवरी’ असा शब्द होता, टोपी नव्हती एवढंच.

रोमन चर्चने १९६९ मध्ये तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला आणि २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून परत घेतला. मधल्या काळात, १९७० मध्ये, चर्चने दुसऱ्या एका कॅथरिनला ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ ही पदवी दिली: सिएनाची कॅथरिन, १३४७ ते १३८०, हाडामांसाची, पत्रांतून पोपला खडसावणारी. हिच्या आईवडिलांनी मुलीचं नाव ठेवताना ग्रीक कोश उघडला असेल असं मला वाटत नाही.

कोश न उघडता नाव कसं पडायचं, याचं स्वच्छ उदाहरण आपल्याच किनाऱ्याशी जोडलेलं आहे. आफोंसो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा एकदा घेतला, आदिलशाहीच्या फौजेपुढे काही महिन्यांत गमावला, आणि पुन्हा जिंकला तो २५ नोव्हेंबरला. त्या दिवशी संत कॅथरिनचा सण. म्हणून विजय तिच्या नावावर जमा झाला. तिच्या नावाने छोटं चॅपल बांधलं गेलं, आणि पुढे जुन्या गोव्यात जे प्रचंड ‘से कॅथेड्रल’ उभं राहिलं तेही तिलाच वाहिलेलं. मुख्य वेदीमागच्या सोनेरी फलकांवर तिची कथा कोरलेली आहे. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हातही तिचं चाक आलं. पर्यटक समोरच्या बाँ जेझू बासिलिकात संत झेवियरच्या दर्शनाला जातात, जाता जाता कॅथेड्रलचा एकच उरलेला मनोरा बघतात (दुसरा १७७६ मध्ये पडला). फलकांपुढे फारसं कुणी थांबत नाही.

त्या विजयानंतर शहरातल्या मुसलमानांची चार दिवस कत्तल झाली. हे कुणा शत्रूने लिहिलेलं नाही, खुद्द आल्बुकर्कने राजा मानुएलला अभिमानाने कळवलं आहे. शब्दांनी पन्नास जणांना जिंकलेल्या मुलीच्या नावावर तलवारीने जिंकलेलं शहर. नावाचा अर्थ शुद्ध असला तरी त्या नावाखाली काय घडेल यावर त्या अर्थाचा काडीचा वचक नसतो. ‘अर्थ चांगला हवा, संस्कार होतात’ असं म्हणणाऱ्यांना मी जुन्या गोव्याला न्यायला तयार आहे. गाडीचा खर्च माझा.

बरोबर त्याच तारखेला, २५ नोव्हेंबर १६३८ रोजी, पोर्तुगालच्या ब्रागांझा घराण्यात एक मुलगी जन्मली. दिवस संत कॅथरिनचा, म्हणून नाव कातारिना. नक्षत्राचं अक्षर बघून नाव ठेवतात तशातलाच हा प्रकार, फक्त त्यांचं पंचांग संतांचं. १६६१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिच्या लग्नाचा करार झाला आणि आहेरात रोख रक्कम, आफ्रिकेतलं ताँजिअर आणि मुंबई बेट देण्याचं ठरलं. ताबा प्रत्यक्षात १६६५ मध्ये मिळाला, कारण गोव्याच्या पोर्तुगीज विजरईला, म्हणजे व्हाइसरॉयला, ते बेट सोडवत नव्हतं. १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकलं. जिच्या हुंड्यात मुंबई गेली ती बाई मुंबईत कधी आली नाही.

मुंबईच्या बाबतीतही ‘त’चा ‘थ’ झालाच. पोर्तुगीज ‘बाँ बाईया’, म्हणजे चांगली खाडी, यावरून बॉम्बे, असं आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घोकलं आहे. ऐकायला छान. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाईया’ स्त्रीलिंगी आहे, तिच्याआधी ‘बोआ’ हवं, ‘बाँ’ चालत नाही. आपल्या व्याकरणात ‘चांगला खाडी’ म्हणावं, तसं ते आहे. मुंबादेवीची मुंबई आधीपासून होतीच. ज्यांच्या हातात कारभार, त्यांनी आपल्या भाषेत एक गोड अर्थ शिवला. तो कोळीवाड्यातल्या माणसाला विचारून शिवलेला नव्हता.

इथे माझा मुद्दा शहराकडून पुन्हा मुलींकडे वळतो, कारण नाव शिवणाऱ्याच्या हातात सत्ता असते ही गोष्ट शहरापेक्षा बाईच्या बाबतीत जास्त रोजची आहे. रशियाची थोर कॅथरिन घ्या. ती जन्मली जर्मन राजघराण्यात, नाव सोफी. सोफिया हेही ग्रीक नाव आणि त्याच्या अर्थाबद्दल कुठलाच वाद नाही: शहाणपण. राजपुत्राशी लग्न ठरलं, १७४४ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथात घेतलं गेलं आणि तिची येकातेरीना झाली. रशियाची तेव्हाची महाराणी एलिझाबेथ हिला आपल्या आईचं नाव पुढे चालवायचं होतं. एवढ्यावर भागलं नाही. रशियन रीतीप्रमाणे बापाचं नाव लागतं. तिच्या बापाचं नाव ख्रिस्तियान, पण तिला लागलं ‘अलेक्सेयेव्हना’, अलेक्सेईची मुलगी. आणि जिच्यावरून हे नाव आलं ती पहिली कॅथरिन? तीही जन्माने कॅथरिन नव्हती. तिचं नाव मार्टा. म्हणजे रशियाच्या गादीवर बसलेल्या दोन्ही येकातेरीना मुळात दुसऱ्याच कुणी होत्या, आणि एकीकडून दुसरीकडे गेलं ते नाव सासरचं होतं.

हे वाचताना डोळ्यासमोर ताट येतं. त्यात तांदूळ पसरलेले, नवरदेव अंगठीने किंवा बोटाने बायकोचं नवं नाव लिहितो आणि बाजूला सगळ्या हसतात. माझ्या आईचं माहेरचं नाव मला बऱ्याच मोठेपणी कळलं, तेही मामीच्या तोंडून. आजकाल बऱ्याच घरांत तांदळात तेच नाव लिहितात किंवा ताट मांडतच नाहीत, ही चांगली गोष्ट. पण ज्या घरांत मुलीचं नाव इतक्या कौतुकाने, अर्थ पाहून, जुळवून ठेवलं जात होतं, त्याच घरांत ते वीस-बावीस वर्षांनी एका ताटात पुसलं जात होतं. मग तो अर्थ कुणासाठी पाहिला होता?

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जड आक्षेप साताऱ्यातून येतो. अर्थाला महत्त्व नाही म्हणता, मग नकुशाचं काय? मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशा’, ‘नकुशी’ अशी नावं ठेवलेल्या २८५ मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभाने नवी नावं देण्यात आली. तिथे अर्थच तर दुखत होता. आक्षेप खरा आहे आणि मला त्यातून पळायचं नाही. ज्या भाषेत आपण जगतो त्या भाषेत नाव कानावर पडताच जो अर्थ ऐकू येतो, तो अर्थ आहेच. नकुशाला शाळेत हजेरी घेताना रोज कुणीतरी ‘नकोशी’ म्हणत होतं. ते बदलायलाच हवं होतं.

पण ऐकू येणारा अर्थ आणि कोशात पुरलेला अर्थ या दोन गोष्टी आहेत. कॅथरिनला हाक मारताना लंडनमधल्या कुणाच्याही कानावर ‘शुद्ध’ पडत नाही. तिथे अर्थ शोधून काढावा लागतो, आणि शोधणारा जे शोधायला जातो तेच त्याला सापडतं. नाही सापडलं तर तो ‘थ’ घालतो. आपल्या याद्यांतही आता हेच चाललं आहे. कुठून तरी आलेलं, ऐकायला गोड नाव आधी आवडतं, मग त्याला संस्कृत धातू चिकटवला जातो, आणि अर्थ ठरलेलाच: पवित्र, प्रिय, लक्ष्मी. नाव परकं आहे म्हणून मी नाक मुरडत नाही. गोड वाटलं म्हणून ठेवलं, असं सरळ सांगायला आपण का लाजतो, एवढाच माझा प्रश्न.

शिवाय मला नकुशा आणि ‘शुद्ध’ यांच्यात वाटतं तेवढं अंतर दिसत नाही. नकुशा हे नाव सांगतं की तू आम्हाला नको होतीस. ‘शुद्ध’ सांगतं की तू आम्हाला हवी आहेस, पण कशी असलीस तर, ते आत्ताच सांगून ठेवतो. क्रौर्यात दोन्ही सारखी नाहीत, हे उघड आहे. पण दोन्हींत बोलणारे मोठे आहेत आणि विषय मुलगी आहे.

नाव पुढे कुठे जाईल हे तर ठेवणाऱ्याच्या हातात अजिबात नसतं. डॅनिश लोकांनी कॅथरिनचं ‘कारेन’ केलं. ते अमेरिकेत गेलं आणि १९६५ मध्ये तिथल्या नवजात मुलींच्या नावांत तिसऱ्या क्रमांकावर होतं. आज तेच नाव इंटरनेटवर शिवी झालं आहे: दुकानात मॅनेजरला बोलवा म्हणून आवाज चढवणारी गोरी बाई म्हणजे ‘कॅरन’. अरेरावी खरी असेल, तिची चेष्टाही व्हावी. पण त्याच जातीच्या अरेराव पुरुषाला एकच एक नाव इतकं घट्ट का चिकटलं नाही? आणि साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या आईवडिलांनी यादीत ‘शुद्ध’ वाचून ते नाव ठेवलं, त्या बायकांनी आता काय करायचं?

दुसरी एक कॅथरिन मला जास्त जवळची वाटते. कॅथरिन स्वित्झर. जन्मदाखल्यावर तिच्या नावातलं एक ‘ई’ हे अक्षर गळलं, ते कायमचंच. लोक स्पेलिंग चुकवतात म्हणून ती ‘के. व्ही. स्वित्झर’ अशी सही करायची. १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनचा अर्ज तिने तसाच भरला आणि २६१ नंबर लावून धावायला उतरली. त्या शर्यतीत तेव्हा बायकांना अधिकृत प्रवेश नव्हता. वाटेत बाई आहे हे कळल्यावर एका अधिकाऱ्याने धावत्या शर्यतीत तिचा नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. ती धावत राहिली आणि शर्यत पूर्ण केली. ज्या अक्षरांवरून विद्वानांनी शुद्धतेचा एवढा डोलारा उभा केला, त्यातलं एक कारकुनी चुकीने गळालं आणि उरलेली तिने आद्याक्षरामागे झाकून ठेवली. तरी तिचं काही अडलं नाही. आज ‘२६१’ हा आकडाच तिची ओळख आहे.

भाचीने परवा फोन करून विचारलं, मामा, तुझं काय मत? मी म्हटलं, उजवी बाजू पुसून टाक आणि डावी मोठ्याने वाच. जे नाव अंगणातून हाक मारताना घशात अडकत नाही, रेल्वेच्या खिडकीवर तीनदा सांगावं लागत नाही आणि तुला त्याच्यामागे एखादी ओळखीची बाई दिसते, आजी, शेजारीण, शाळेतली बाई, कुणीही, ते ठेव. ती म्हणाली, आणि सासूबाईंनी अर्थ विचारला तर? मी म्हटलं, सांग, अजून ठरायचाय.

बारसं रविवारी आहे. पाळण्याच्या वरून-खालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ होईल, आणि मग आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्र करेल. पाठीत धपाटे पडायच्या आत तिला नाव सांगून मोकळं व्हायचं असतं.